हाकेआधीची ओ

१

गोडाउनच्या शटरला लागून एक छोटी खोली आहे. तिच्या दाराशी माझी खुर्ची असायची. प्लास्टिकची, एक पाय आखूड, म्हणून खाली लादीचा तुकडा ठेवलेला. आमच्या राहनाळ गावात तेव्हा जिकडे बघावं तिकडे गोडाउनंच उभी राहत होती. हे आमच्याच शेतावर उभं राहिलं. मी खुर्ची टाकायचो तिथे पूर्वी आमचं खळं होतं. जमीन गेल्यावर शेठने मला वॉचमन म्हणून ठेवून घेतलं. म्हणायला वॉचमन, काम बसायचं. बसणं मला जमतं. अर्धं आयुष्य मिठागरात गेलं, पाणी सुकायची वाट बघण्यात. तिथे घाई करून काही होत नाही.

खोलीत वैशाली बसायची, माझी सून. कल्याणला कॉम्प्युटर शिकलेली. शेठचं दुसरं गोडाउन वळ गावाला, आणि तिथे बसायचा माझा मुलगा मनोज, तिचा नवरा. एकाच शेठची नोकरी आणि दोघं दोन टोकांना. इथल्या मशीनने तिथल्या मशीनला सांगायचं की अमुक माल चढला, तमुक ट्रक सोडा. मग ट्रक सुटायचा. हे सांगणं टेलिफोनच्या तारेतून व्हायचं, आणि ते कसं व्हावं हे सगळं वैशालीने लिहिलं होतं. जावा म्हणून एक भाषा आहे. तोंडाने बोलायची नाही, मशीनला समजावून सांगायची.

पण तिचं लिहिलेलं मध्येच अडायचं. सकाळी नीट चाललेलं दुपारी गप्प. वळचं मशीन काही बोलेना की ट्रक उभे, आणि ड्रायव्हर माझ्याकडे.

“चाचा, गाडी कब छूटेगी?”

“बैठो भाई. बहू देख रही है.”

“बहू तो सुबह से देख रही है, चाचा. अपन भी बहू को ही देख रहे हैं.”

“उधर जा के चाय पी,” मी म्हणायचो. समोर ठकुबाईची टपरी होती. ठकुबाई मला लडकूशेठ म्हणायची, जमीन विकली म्हणून.

शेठने वैशालीला सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत हे नीट चाललं तर आपल्या सगळ्या गोडाउनांचं काम तुला, कायमची नोकरी. नाहीतर ठाण्याची कंपनी बोलावतो. मनोजचा पगार कसाबसा पुरायचा. ती रोज सकाळी देवाला हात जोडून यायची आणि आल्या आल्या मशीनला शिव्या द्यायची. शिव्या हळू, माझ्या कानावर जाऊ नयेत म्हणून.

तिने मशीनला दोन आवाज दिले होते. इथलं मशीन थोड्या थोड्या वेळाने वळच्या मशीनला विचारायचं, आहेस का? तेव्हा वाजायचं, टिक. तिकडून काही आलं की वाजायचं, टण. घंटीसारखं.

“बाबा, मी जेवायला गेले की तुम्ही फक्त ऐकायचं,” तिने मला सांगितलं. “टिक वाजलं आणि टण नाही आलं, तर मला हाक मारा.”

मी शाळेत गेलो नाही. पण हे काम मला बरं वाटलं. कोणी विचारतंय, कोणी ओ देतंय. त्यात न समजण्यासारखं काय आहे?

२

गणपती झाल्यावर तिला चूक सापडली. खोलीतून बाहेर आली ती केस सुटलेले, डोळे लाल, पण चेहरा हसरा.

“सापडलं, बाबा.”

“काय सापडलं?”

“फोनवर बोलून झालं की आपण फोन ठेवतो ना? सगळं नीट झालं तर माझा प्रोग्रॅम ठेवायचा. पण मध्ये काही बिनसलं की ठेवायचाच नाही. तसाच उघडा राहायचा. असे उघडे राहून राहून ढीग झाला. मग नव्याला जागा कुठली?”

“म्हंजे जाणाऱ्याने जातो म्हणून सांगितलंच न्हाय.”

“अगदी तसंच. आणि दुसऱ्या टोकाचा बसलाय ऐकत. बोलणारा कधीच निघून गेलाय, हा आपला ऐकतोय.” ती माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकली. “आता मी त्याला सांगितलंय, एवढा वेळ थांब, नाही आलं काही तर सोडून दे.”

तिच्या दृष्टीने ते संपलं. मला मात्र ते घरी जाईपर्यंत पुरलं. निघून गेलेल्याचं ऐकत बसलेलं कोणीतरी.

त्यानंतर मशीन अडलं नाही. टिक, टण. टिक, टण. ट्रक सुटायला लागले. शेठ गाडी थांबवून आत डोकावून गेला, म्हणाला, “वा, बेटी.” वैशालीने ठकुबाईकडून भजी मागवली. मनोजचा फोन आला तेव्हा ती तोंडात भजी घेऊनच बोलली. मोबाइलमधून त्याचा आवाज मला दारापर्यंत यायचा. लहानपणापासून तसाच, खाडीपलीकडे बोलल्यासारखा.

“काय मॅडम, आता आमाला ओळख दाखवणार का?”

“अहो, तुम्हीच लक्ष ठेवा. ते मशीन बंद पडलं तर मला बोलू नका.”

“मशीनला इचारतेस, आहेस का, आहेस का. मला कधी इचारलंस?”

“तुम्ही कुठे जाणार आहात?” ती म्हणाली, आणि दारात मी आहे हे आठवून लाजली.

ती शिकलेली, पण त्याचं नाव घ्यायची नाही. अहो म्हणायची. आमच्याकडे तसंच. माझी बायको मैना गेली, पण तिच्या तोंडून लडकू हे नाव मी एकदाही ऐकलं नाही. लग्नातला उखाणासुद्धा तिने पदर तोंडात धरून घेतला.

३

नवरात्राच्या आसपास लोडशेडिंग फार वाढलं. राहनाळची वीज वेगळ्या वेळी जायची, वळची वेगळ्या वेळी. एका दुपारी आमच्याकडे पंखा चालू होता आणि मनोजचा फोन आला.

“लाइट गेली इकडं. इन्व्हर्टर पण बसला. ट्रकचं मी हाताने लिहून देतो, तू नंतर भर.”

“मशीन नीट बंद केलंत ना?”

“मी कशाला करू, आपोआप झालं. पडदा काळा पडलाय. माझं तोंड दिसतंय त्याच्यात.”

“मग घाबरला असाल.”

तो हसला. तीही हसली. आणि मागे वाजलं, टिक.

टण.

हसता हसता ती थांबली. मी दारात उभा राहिलो. पंखा फिरत होता, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “तुमचं मशीन बंद आहे?”

“सांगितलं ना.”

“मागची वायर काढा.”

“बंद मशीनची वायर काढू?”

“काढा हो.”

थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. “काढली. हातात हाय. दातांत धरू आता?”

टिक. टण.

वैशालीने फोन ठेवला आणि पडद्याकडे वळली. मग मलाच समजावल्यासारखं बोलली. कदाचित दुसऱ्या कुठल्या मशीनला तोच नंबर मिळाला असेल, एका नंबरची दोन घरं असली की पोस्टमन चुकतो तसं. तिने टेलिफोनवाल्यांना फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, वळची लाइन सकाळपासून मेली आहे, खांब पडलाय, माणसं गेलीत.

“मग मला उत्तर कुठून येतंय?” तिने विचारलं.

“मॅडम, तुमचंच तुम्हाला ऐकू येत असेल,” तो म्हणाला. “विहिरीत ओरडल्यासारखं.”

मला ते पटलं. विहिरीत आपली हाक आपल्याला परत येतेच. मी खुर्चीवर जाऊन बसलो आणि विहिरीची गोष्ट मनात धरून ठेवली. विहिरीतून उलटून आलेली हाक तीच असते, पुसट. हे टण मात्र टिकसारखं नव्हतं. ते दुसऱ्याचंच होतं. पण त्या दिवशी मी तिथपर्यंत गेलो नाही.

४

मिठागरात थंडीच्या दिवसांत पहाटे खाडीवरून धुकं यायचं. बांधावर चाललो तर आपलाच हात दिसायचा नाही. दोन टोकांना दोन माणसं असत, पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी सांभाळायला. मी या टोकाला, नामा त्या टोकाला. नामा आता नाही. मी हाक मारायचो, “नामाऽ”, आणि मग थांबायचो. ओ किती वेळाने येते त्यावरून तो कुठवर आहे ते कळायचं. लांब असला की हाक जायला वेळ, यायला वेळ. जवळ आला की ओ लगेच. डोळ्यांचं काम कान करायचे.

आणि नाव घेऊनच हाक मारायची. नुसतं “आहेस काय रे” अशी हाक आली, तर ओ द्यायची नाही. कोणाची, कशाची, ते विचारायचं नाही. आईने सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. नाव नसलेल्या हाकेला ओ नाही. आम्ही गप्प उभे राहायचो, पायात पाणी घेऊन, ती थांबेपर्यंत.

आता मी दाराशी बसून ऐकत होतो. सुरुवातीला टिक आणि टणच्या मधे माझा एक सावकाश श्वास जायचा. घेतला, सोडला, टण. चूक सापडली तेव्हा अर्धा झाला. ते वैशालीचं कौतुक, मी म्हटलं. पण त्यानंतर तिने काही बदललं नव्हतं, तरी तो कमी होतच होता. श्वास घ्यायला सुरुवात केली की टण.

माझी हिंमत होईना. तिचं नोकरीचं चाललेलं, आणि सासरा सांगतोय मिठागराच्या गोष्टी. शेवटी एकदा दुपारी डबा खाताना बोललो.

“वैशाली, त्या दोन आवाजांच्या मधली जागा कमी व्हायला लागली.”

“हो ना,” ती आनंदाने म्हणाली. “मीपण बघतेय. लाइन सुधारली. एवढी चांगली ठाण्याची कंपनीसुद्धा देणार नाही.”

“सुधारली असंल.” मी भाकरीचा तुकडा मोडला. “पण पोरी, ओ लवकर यायला लागली, म्हंजे ओ देणारा जवळ आला.”

ती हसली नाही. ती कधी माझ्यावर हसायची नाही. “बाबा, तारेत लांब-जवळ नसतं.”

“बरं.”

“वळ तिथेच आहे ना? कुठे चालत येतंय का?”

“न्हाय. वळ तिथंच हाय.”

तिने डबा झाकला. जरा वेळाने तिने पडद्यावर वेळा काढून बघितल्या, हाक केव्हा गेली, ओ केव्हा आली. मग बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“घड्याळ चुकलंय,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“मशीनचं. ओ आधी लिहिली जातेय. हाक मागून.” तिने ओठ चावला. “घड्याळच असणार. मी नीट करते.”

तिने घड्याळ नीट केलं. मशीन बंद करून चालू केलं. मग आम्ही दोघांनी ऐकलं. ती आत, मी दारात. ठकुबाईच्या टपरीवरचा रेडिओ, लांब कुठेतरी लूमचा खडखडाट, पंखा.

टण.

टिक.

चूक घड्याळाची नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, आज घरी राहू. अंगात कसकस आहे सांग. ती म्हणाली, “बाबा, दिवाळी आठवड्यावर आली. मी नाही सोडणार.” तिच्या आवाजात भीती होती, पण हट्ट जास्त होता. चूक म्हणजे चूक, ती म्हणाली. कुठेतरी मीच लिहून ठेवलेली आहे, ती मलाच काढायला हवी.

म्हणून मी खुर्ची आत घेतली. दाराच्या आत, भिंतीला लावून. तिथून तिची पाठ दिसायची आणि पडदा दिसायचा.

दुपारी तिने शेवटचा उपाय केला. मशीनने विचारायचंच नाही. हाक बंद. “आता काही यायला नको,” ती म्हणाली. “विचारलंच नाही तर उत्तर कशाचं?”

टिक वाजेना. खोली शांत झाली. मला बरं वाटलं. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, हसायच्या बेतात होती.

टण.

ती वळली. थोड्या वेळाने पुन्हा, टण. एकटंच. मग ती पडद्याच्या जवळ वाकली आणि भराभर काही उघडत गेली. तिची बोटं थांबली.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “टण मी उत्तराला लावलं नव्हतं. तिकडून काहीही आलं की वाजायचं.”

“हां.”

“हे उत्तर नाहीये. हा प्रश्न आहे. तिकडून कोणीतरी विचारतंय, आहेस का. आणि आपलं मशीन उत्तर देतंय. आपल्या उत्तराला मी आवाजच ठेवला नव्हता.” तिने पडद्यावर बोट ठेवलं. मला वाचता येत नाही. पण सारख्याच आकाराच्या ओळी होत्या, एकाखाली एक, पार खालपर्यंत. “आहे, आहे, आहे. बघा. रात्रंदिवस.”

“कोण इचारतंय ते बघून ओ द्यायची असं लिवलं न्हाय?”

“नाही लिहिलं,” ती म्हणाली. “कोणीही विचारलं तरी उत्तर दे, असं लिहिलं. आपलीच तर दोन मशीनं. म्हटलं, दुसरं कोण येणार आहे?”

मग तिने ते काढून टाकलं. कोणालाच ओ द्यायची नाही असं लिहिलं, मशीन बंद केलं, तार उपटली, विजेचं बटनही बंद केलं. पडदा काळा झाला.

“तोंडावर पाणी मारून येते,” म्हणाली आणि बाहेर गेली.

मी खुर्ची उचलून बाहेर ठेवली. तिचा डबा आत राहिला होता, पिशवीही. तेवढं घेऊन कुलूप लावू, असं ठरवून मी दारात उभा राहिलो. एक पाय आत, हात चौकटीवर. ती कुठवर आली कोण जाणे, म्हणून मनात आलं, हाक मारून बघावं. तोंड उघडायच्या आधी मी श्वास घेतला.

“आहे, बाबा,” वैशाली आतून म्हणाली.

खोलीत कोणी नव्हतं. फिरती खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, तशीच. आवाज मोठा नव्हता. जेवायला बसलेली सून सांगते ना, आले हं, तसा. समोर काळा पडदा होता आणि त्याच्या काचेत दार दिसत होतं, दारात मी. मी हललो नव्हतो. काचेतला म्हातारा मात्र आधी वळला, रस्त्याकडे. मग मी वळलो.

रस्त्यावरून वैशाली येत होती. ठकुबाईच्या टपरीकडून, ओल्या तोंडाने, पदराने हनुवटी पुसत.

मला तिला थांबवायचं होतं. आणि हाक मारायची नव्हती. माझ्या हाकेला कुठून ओ येईल याची खात्री राहिली नव्हती. मी दार ओढून घेतलं आणि दारासमोर हात पसरून उभा राहिलो. असा मी तिच्यापुढे कधी उभा राहिलो नव्हतो.

“काय झालं, बाबा?”

“साप हाय आत,” मी म्हटलं.

“मग पिशवी?”

“राहू दे पिशवी.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. सापावर तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. पण तिने पुढे पाऊल टाकलं नाही.

६

वैशालीने नोकरी सोडली. शेठला म्हणाली, नाही जमत. रडली नाही. ठाण्याची कंपनी आली, दोन माणसं बॅगा घेऊन. त्यांनी पुढच्या बाजूच्या नव्या खोलीत नवी मशीनं बसवली, आणि ती चालली. त्यात काही वावगं झालं नाही. जुनं मशीन भंगारवाला घेऊन गेला. टेबल गेलं, खुर्ची गेली. खोली रिकामी करून शेठने कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

मी बाहेर बसत राहिलो. ड्युटी तीच.

दिवाळीनंतर एका दुपारी आतून आवाज आला.

“बाबा, आहात का?”

वैशालीचाच. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. ती घरी होती, मला माहीत होतं. मीच तिला उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली सोडून आलो होतो. माझ्या जिभेवर ओ आली होती. किती वर्षांची सवय. दात आवळले तेव्हा आत राहिली.

पुन्हा आला. मग थांबला. मग दुसऱ्या दिवशी. कधी गप्पच. कधी मी डुलकी घेताना, अगदी दारामागून. बाबा हे काही नाव नाही. कोणीही कोणालाही बाबा म्हणतं. मी आईचं धरून बसलो. नाव नसलेल्या हाकेला ओ नाही.

मी कोणाला सांगितलं नाही. किल्ली शेठला परत द्यावी, घरी बसावं, असंही आलं मनात. पण मग इथे दुसरा कोणी बसला असता. हमाल असता, ड्रायव्हर असता. त्याला काय ठाऊक? मला बसणं जमतं आणि गप्प राहणं जमतं. म्हणून म्हटलं, आपणच बसू. हे थांबेल. मिठागरात थांबायचं तसं.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आईने ते आम्हा पोरांना शिकवलं होतं. आणि तिला सांगायची गरजच पडली नव्हती, की घरात बायको नवऱ्याला हाक मारते तेव्हा तीत नाव नसतं.

मनोज कधीतरी वळहून दुपारचा यायचा, माझ्याबरोबर जेवायला. त्या दिवशी आला तो मोटरसायकल लावून, डबा दांड्यावरून काढत, तोंडाने काही गुणगुणत. बोंबलाचं कालवण होतं, ते सांडलं म्हणून वैतागलेला. मी पाण्याची बाटली घ्यायला वाकलो होतो.

“अहो,” आतून आवाज आला. “आहात का?”

“हाय ना, हाय,” मनोज म्हणाला. डब्याकडे बघतच. घरात म्हणतो तसं.

मी ताठ झालो तोवर झालं होतं.

आत काही वाजलं नाही. काही हललं नाही. ठकुबाईच्या टपरीवर कप आपटले, तेवढंच. मग मनोजने डोकं वर केलं आणि दाराकडे बघितलं. कुलपाकडे बघितलं.

“वैशू आलीय इथं?”

“न्हाय.”

“मग आत कोण हाय?”

“कोण न्हाय. रिकामी हाय खोली.”

तो हसला. “माझे कान गेले वाटतं, बाबा. तिच्या हाकांनी.” आणि त्याने डबा उघडला. आम्ही जेवलो. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, घास नीट चावतोय का, डोळे तेच आहेत का. सगळं तेच होतं. माझ्या पानात त्याने स्वतःच्यातला बोंबील टाकला. नेहमी टाकतो.

त्या दिवसापासून त्या खोलीतून आवाज आला नाही. मी कितीतरी दिवस कान लावून बसलो. पार थांबलं.

७

घरी मी मनोजला संध्याकाळी हाक मारतो. पाय धुवायला पाणी दे, कंदील बघ, मोटरसायकल आत घे. उगाच काहीतरी. आमचं घर लांबट आहे. पुढे ओटी, मागे परसात न्हाणी. तो परसात असतो तेव्हा माझी हाक तिथे जाते, तो ऐकतो, हातातलं ठेवतो, मग म्हणतो, ओ. त्याच्यात थोडा वेळ जातो. तो वेळ मला ठाऊक आहे, तो पोर होता तेव्हापासून.

पौष महिन्यात तो वेळ कमी झाला. मी म्हटलं, उभा असेल जवळच. माघात हाक पुरी व्हायच्या आत ओ यायला लागली, “मनो” म्हटलं की, ओ. मी म्हटलं, पोराला आता सवय झाली माझी, म्हाताऱ्याची हाक येणार हे ठाऊकच आहे त्याला. असं मी स्वतःला सांगितलं. विहिरीची गोष्ट सांगितली होती तशीच.

त्याच्यात बाकी काही फरक नाही. जेवतो, झोपतो, कामाला जातो. वैशालीशी थट्टा करतो. ती आता शिकवण्या घेते, ओटीवर पोरं येतात. तिने कॉम्प्युटरचं नाव काढलेलं नाही. मीही काढलं नाही. पण ती त्याला अहो म्हणून हाक मारते आणि मग अर्धवट थांबते, कान देऊन, हे मी पाहिलं आहे. मला वाटायचं, मीच एकटा मोजतोय.

काल दिवे लागायच्या वेळी मी ओटीवर बसलो होतो. वैशाली चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. दार उघडं, मधून पार परसापर्यंत दिसत होतं. मनोज तिथे पाठमोरा उभा होता, न्हाणीच्या भिंतीला हात लावून. काही करत नव्हता. नुसता उभा. मला त्याला आत बोलवावंसं वाटलं. खरंच, मोजायला नाही. अंगावर काही नाही, गारठा आहे, म्हणून.

मी श्वास घेतला. तोंड अजून मिटलेलं होतं.

“ओ, बाबा,” मनोज म्हणाला. वळला नाही.

वैशालीचे हात परातीत थांबले. तिने मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. जाळाचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर होता.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही हाक मारलीत ना त्यांना?”

तवा तापून धूर यायला लागला होता. ती वाट बघत होती.

“मारली पोरी,” मी म्हटलं. “मारली की. भाकरी टाक.”